वज्रगेंडा भाग दोन आणि टिटवीकाकू

एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्यात एक मगर होती. तळ्याच्या काठावर, गोट्यांमध्ये, टिटवीकाकू राहत होत्या. मगर पाण्यात हलली की काकू ओरडायच्या. काकू ओरडल्या की पाणी पिणारे मागे सरायचे. मगर उपाशी राहायची, बाकीचे जिवंत राहायचे.

खरं तर मुलांनो, गोष्ट इथेच संपायला हवी होती. तुम्ही घरी गेला असता, मीही जरा आडवा झालो असतो. पण त्या जंगलात सिनेमा आला.

सिनेमा आणला साळिंदरशेठनी. त्यांनी दोन सागांच्या मध्ये पांढरं कापड ताणलं आणि मागे काजवे बसवले. कापडावर चित्रं हलायला लागली. कशी हलली ते विचारू नका. गोष्टीत हलतात.

सिनेमाचं नाव होतं 'वज्रगेंडा'. हा गेंडा पाठीला केळीचं पान बांधून उडायचा. त्या जंगलात खरा गेंडा कुणी कधी पाहिलेला नव्हता. म्हणूनच त्याच्यावर सगळ्यांचा चटकन विश्वास बसला.

सिनेमात नक्रासुर नावाचा एक दुष्ट मगर होता. तो पाडसांना खायचा आणि खाताना मोठ्याने हसायचा. शेवटी वज्रगेंडा आकाशातून आला, त्याने नक्रासुराला शेपटीला धरून गरगर फिरवलं आणि चंद्रावर आपटलं. नक्रासुर मेला. जंगलाने शिट्ट्या वाजवल्या. कोल्ह्यांनी तर शेपट्यांना केळीची पानं बांधली, आणि दोन दिवस ती सोडलीच नाहीत.

सगळ्यात खूश झाला भुजंगराव रानडुक्कर. त्याने तिथल्या तिथे वज्रभक्त मंडळ काढलं आणि स्वतःच अध्यक्ष झाला.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरा भाग आला. आणि इथून घोटाळा सुरू झाला.

नक्रासुर तर मेलेला. पण त्याच्याशिवाय गर्दी कोण जमवणार? साळिंदरशेठनी त्याला परत आणलं. मेलेल्याला उगीच परत आणता येत नाही, म्हणून चांगला करून आणलं. दुसऱ्या भागात त्याचं बालपण होतं. बिचारा अंड्यातून बाहेर आला तेव्हा जवळ आईसुद्धा नव्हती. आणि पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यावर कुणीतरी कर्कश ओरडलं. त्या धक्क्याने तो पाडसं खायला लागला.

ओरडलं कोण? एक टिटवी. तिचं नाव कर्कशा. डोळ्यांत भरपूर काजळ. दुसऱ्या भागातली दुष्ट ती.

आणि वज्रगेंडा? तो या भागात उडालाच नाही. टेकडीवर उभा राहून मावळत्या सूर्याकडे बघत राहिला. अर्धा सिनेमा तो बघतच होता. मग म्हणाला, "शत्रू पाण्यात नसतो. शत्रू ओरडण्यात असतो." आणि नक्रासुराला मिठी मारली. सिनेमा संपला.

जंगल उभं दुभंगलं.

"ही काय रीत झाली?" भुजंगराव फुरफुरला. "हीरो म्हणजे हाणणारा! हा नुसता उभा. नुसतं उभं तर आमचं वडाचं झाडपण राहतं!"

"तुम्हाला खोली कळत नाही, भुजंगराव," विद्याधर वानर म्हणाला. विद्याधर उंच फांदीवर बसायचा, त्यामुळे त्याला सगळं खोल दिसायचं. "हाणतो तो हीरो नव्हे. समजून घेतो तो हीरो. नक्रासुराची वेदना तुम्ही पाहिलीत का?"

"पाहिली ना! पहिल्या भागात चंद्रावर आपटला तेव्हा पाहिली!"

"आणि ते पान?" मागून एक कोल्हा ओरडला. "पहिल्या भागात केळीचं होतं. या भागात पळसाचं कसं?"

हा प्रश्न निघाला आणि मारामारीच झाली. हीरो कोण, दुष्ट कोण, यावर लोक नुसते भांडत होते. पानावरून मात्र एका तरसाचा कान गेला.

हे वाद रोज संध्याकाळी तळ्याकाठी व्हायचे. टिटवीकाकू आपल्या चार अंड्यांवर बसून ऐकायच्या. त्यांना सिनेमातलं फारसं कळत नव्हतं. आपल्याकडे हल्ली सगळे वळून वळून का बघतात, तेही कळत नव्हतं. मगर हलली की त्या ओरडायच्या. "टिट्टिव! टिट्टिव!"

"बघा! बघा!" विद्याधर टाळी द्यायचा. "हुबेहूब कर्कशा! बिचाऱ्या मगरीला काय वाटत असेल!"

मगरीला काय वाटत होतं? एका सशाने लांबूनच तिला विचारलं.

"मी सिनेमा पाहिला नाही बाबा," मगर म्हणाली. "मला पाण्याबाहेर फार वेळ बसवत नाही. आणि तो नक्रासुर बाप्या आहे म्हणे. मी तर बाई आहे. पण चांगलं काढलंय असं लोक म्हणतात. तू जरा जवळ ये ना, नीट सांग."

ससा नीट सांगायला गेला नाही, एवढी अक्कल त्याला होती. आता तुम्ही म्हणाल, मग बाकीच्यांना का नव्हती? मुलांनो, ससा मंडळात नव्हता.

एके दिवशी भुजंगरावाच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अरे, आपल्या तळ्यावर वज्रगेंडा का येत नाही? मी सांगतो! मगर यायच्या आधीच ही काकू ओरडते. सगळे पळतात. संकटच येत नाही. मग हीरो येणार कशाला?"

मंडळाने माना डोलावल्या. इतकं सरळ गणित आजवर कुणालाच सुचलं नव्हतं.

"आमचंही तेच म्हणणं आहे," विद्याधर फांदीवरून म्हणाला. "ही ओरडते म्हणून मगर बिथरते. ही गप्प बसली तर मगर कुणाला काही करणार नाही."

इतके दिवस एकमेकांचे कान तोडणारे दोन्ही पक्ष त्या संध्याकाळी पहिल्यांदा एकत्र आले. शिवाय सिनेमावाल्यांचा एक नियम दोघांनाही मान्य होता : पुढे काय होणार ते आधी सांगायचं नाही. सांगितलं की मजा जाते. आणि टिटवीकाकू जन्मापासून दुसरं काय करत होत्या?

ठरलं. उद्या संध्याकाळी सोक्षमोक्ष. काकूंनी गप्प बसायचं. कुणीतरी पाण्यावर जाईल. मग हीरो येतो की मगर प्रेमाने वागते, ते सगळ्यांसमोर कळेल.

"आणि ओरडलात," भुजंगराव काकूंना म्हणाला, "तर तुमची अंडी उचलून टेकडीपलीकडे. इथे राहायचं नाही."

"अहो, पण मगर खरी आहे हो," काकू म्हणाल्या.

"पुढचं सांगायचं नाही!" सगळे एकदम ओरडले.

दुसऱ्या दिवशी काठावर ही गर्दी. पुढची जागा धरायला लोक दुपारपासून येऊन बसले होते. कोल्ह्यांनी पुन्हा पानं बांधली होती, अर्धी केळीची, अर्धी पळसाची. साळिंदरशेठ करवंदं विकत होते.

आणि तेवढ्यात रेवती चितळी आपल्या पाडसाला घेऊन पाण्यावर आली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पाडस सिनेमाच्या अंधाराला घाबरायचं, म्हणून ती दोन्ही भागांना गेली नव्हती. काकू काठावर बसलेल्या दिसल्या, तशी ती निश्चिंत झाली. पाडस उड्या मारत पुढे गेलं आणि त्याने पाण्यात तोंड घातलं.

लांब, शेवाळाच्या कडेला, पाणी जरासं फुगलं.

काकूंनी ते पाहिलं. त्यांनी चोच मिटून घेतली. पोटाखाली अंडी गरम होती. चार. या गोट्यांवर त्यांची आई बसली होती, आजी बसली होती. गप्प बसलं की सगळं जागच्या जागी राहणार होतं. काठावरची गर्दी माना उंचावून बघत होती. पाणी आणखी जवळ फुगलं. पाडसाचे कान पाण्यात भिजले होते आणि ते मजेत फुरफुर करत होतं.

"टिट्टिव! टिट्टिव! टिट्टिव!"

रेवतीने झेप घेतली, पाडसाने उडी मारली, आणि दोघं काठावर आली. पाणी हळूहळू सपाट झालं. मगरीचं नाकसुद्धा कुणाला दिसलं नाही.

"बिघडवलं!" भुजंगराव किंचाळला. "ऐन वेळी बिघडवलं! तो निघाला असणार! ढगापर्यंत आला असणार!"

"मगर कुठे आहे?" विद्याधर म्हणाला. "दाखवा मला मगर! आलीच नव्हती ती. काही झालंच नाही. ही बाई उगाच ओरडली."

काही झालंच नाही, हे मात्र खरं होतं. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

अंडी उचलायचं काम विद्याधरकडे आलं, कारण हात त्यालाच होते. त्याने ती टेकडीपलीकडच्या माळावर नेली. एक वाटेत पडून फुटलं. "कथेला त्याची गरज होती," विद्याधर म्हणाला. काकू मागून उडत आल्या. उरलेल्या तीन अंड्यांवर बसल्या आणि तशाच बसून राहिल्या. रेवती पाडसाला घेऊन त्यांच्या मागोमाग आली. माळावर एक डबकं होतं, गढूळ. पण त्यात कुणी राहत नव्हतं.

इकडे तळ्यावर प्रयोग राहिलाच होता. आता पाण्यावर जाणार कोण? सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांना मागे फिरता येईना. भुजंगराव पोटापर्यंत पाण्यात गेला आणि आकाशाकडे बघून गर्जला, "वज्रगेंड्या, धाव!"

कोण धावलं ते तुम्हाला कळलंच असेल.

 मग एका कोल्ह्याने विचारलं, "म्हणजे... हीरो आला नाही?"

"तुम्हाला खोली कळत नाही," विद्याधर म्हणाला. तो दोन फांद्या आणखी वर गेला होता. "मगरीने त्यांना समजून घेतलं. पूर्णपणे. आतून."

"आणि हीरो आला नाही कसा?" भुजंगरावाचा एक भाचा रडत म्हणाला. "मामाच हीरो होता!"

हे सगळ्यांना पटलं. पटायला सोपं होतं. तळ्याकाठी भुजंगरावाचा मातीचा पुतळा उभा राहिला, पाठीवर केळीचं पान आणि पळसाचं पान, दोन्ही. म्हणजे वाद नको. पुतळ्याला वाकून नमस्कार करायला रोज गर्दी व्हायची, आणि मगर अंगाने चांगली भरली. पुढच्या उन्हाळ्यात तिसरा भाग आला. त्यात भुजंगराव आकाशातून येतो आणि जंगलासाठी हसत हसत जीव देतो. टिटवी त्यात नव्हतीच. दुष्टसुद्धा नव्हती.

तोपर्यंत पाडस मोठं झालं होतं. शिंगांचे कोंब आले होते, अंधाराची भीती गेली होती. ते मित्रांबरोबर तिसरा भाग पाहून आलं आणि माळावर काकूंसमोर उभं राहिलं. डोळे भरून आले होते त्याचे.

"काकू, भुजंगरावांनी आपल्या सगळ्यांसाठी जीव दिला हो. तुम्ही तेव्हा तिथेच राहत होतात ना? तुम्ही काय केलंत?"

काकूंची यंदाची तीन पिल्लं त्यांच्या पायांत घुटमळत होती. त्यांनी जरा विचार केला.

"मी ओरडले," त्या म्हणाल्या.

"ओरडायला काय लागतं?" पाडस म्हणालं.

रेवतीने मान खाली घातली आणि गवत खायला लागली. तिने त्याला काही सांगितलं नव्हतं असं नाही. खूपदा सांगितलं होतं. पण त्या गोष्टीत काहीच घडत नव्हतं. एक पाडस पाणी प्यायला जातं आणि पाणी पिऊन परत येतं. एवढीच गोष्ट. पाडसाला ती ऐकताना झोप यायची.

"चल रे!" लांबून मित्रांनी हाक मारली. सगळे पुतळा बघायला तळ्यावर निघाले होते. पाडस धावलं.

काकूंनी पिल्लांकडे पाहिलं, रेवतीकडे पाहिलं, आणि उडाल्या. टेकडी ओलांडून तळ्यावर आल्या. मित्र पुतळ्याला नमस्कार करत होते. पाडस पुतळ्याशेजारी ऐटीत उभं राहून पाण्यात स्वतःची शिंगं बघत होतं. शेवाळाच्या कडेला पाणी फुगलं.

"टिट्टिव! टिट्टिव! टिट्टिव!"

सगळे दचकून मागे झाले. पाडसाची मान शरमेने खाली गेली. मित्र खिदळायला लागले.

"काकू!" ते दातओठ खात कुजबुजलं. "सगळ्यांसमोर नको ना! काही झालंय का इथे?"

काकूंनी पाण्याकडे पाहिलं. पाणी सपाट झालं होतं.

"नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "काही नाही झालं."

तात्पर्य : मुलांनो, कुणाला वाचवायचंच असेल तर घाई करू नये. आधी त्याचा एखादा पाय मगरीला खाऊ द्यावा. त्याशिवाय आपण वाचलो हे त्याला कळत नाही, आणि आपला पुतळाही होत नाही.