दस्तगीरमामांची पाठ

सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडच्या गल्लीत दस्तगीर पिंजारी यांचं गाद्यांचं दुकान आहे. तिथं गादी घ्यायला जाणार असाल तर आधीच सांगून ठेवतो, घाबरू नका. तुम्ही गादी हाताने दाबून "जरा मऊच वाटते नाही?" असं काही म्हणायच्या आत सत्तरी ओलांडलेला तो माणूस गादीकडे पाठ करून उभा राहील, दोन्ही हात छातीशी घेईल आणि ओंडका पडावा तसा सरळ मागे पडेल. धप्प! कापसाची धूळ उडेल. मग छताकडे बघत थोडा वेळ पडून राहील आणि निकाल देईल, "न्या बिनधास्त. पाट बोलली."

मागे एकदा सासू-सून गादी घ्यायला आल्या होत्या. मामा पडले आणि सुनेने अशी किंकाळी फोडली की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. सासूने तर पिशवीतली पाण्याची बाटली काढून मामांच्या तोंडावर शिपकारे मारायला सुरुवात केली. माझं चष्म्याचं दुकान अगदी शेजारी, त्यामुळे अशा वेळी पळत जायचं काम माझ्याकडे असतं. "काही नाही हो मावशी, तपासणी चाललीय," मी म्हटलं. मामा ओल्या तोंडाने पडल्या पडल्याच म्हणाले, "आओ, गादी बसून बघायची न्हाय, पडून बघायची. बसायला बाकडं हाय की!"

आणि हो, उठताना हात देऊ नका. मी नवा होतो तेव्हा दिला होता. मामांनी माझ्या हाताकडे असं बघितलं की मी तो खिशात घातला. "पडल्यालं मानूस आपलं आपन उटतंय," म्हणाले, आणि एका झटक्यात उभे.

हे पडणं त्यांनी तालमीत मिळवलं. मामा मूळचे मंद्रूपचे. पोरवयात सोलापूरच्या तालमीत आले, पण फडात नाव काढण्याइतके पैलवान काही झाले नाहीत. नाव काढलं जेऊरच्या सर्जेरावने. गावोगावच्या जत्रांतल्या कुस्त्या मारून त्यावर घर चालवणारा, खांद्यावर गदा, डोक्यावर फेटा, असा खराखुरा पैलवान. त्याला रोज सराव करायला समोर कुणीतरी लागायचं. वस्तादांनी मामांना उभं केलं. सर्जेरावने पहाटे नवा डाव टाकायचा आणि मामांनी पडायचं, असं सलग नऊ वर्षं चाललं.

दुसऱ्या कुणाला याची लाज वाटली असती. मामा ते मेडल मिळाल्यासारखं सांगतात. "सर्जानं कुनाकुनाला पाडलं ते लोक सांगत्यात. पर सगळ्यात जास्ती कुनाला पाडलं? मला! हाय का दुसरा कोन जिल्ह्यात?"

नाही. याबाबतीत मामांना तोड नाही.

सर्जेराव गेल्या वर्षी वारले. सोलापुरातच दवाखान्यात महिनाभर होते. ते गेल्यानंतर काही महिन्यांनी त्यांचं आत्मचरित्र आलं. आजारपणात अंथरुणावरून सांगितलेलं आणि कुणीतरी लिहून घेतलेलं. पुस्तकाचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण मामा त्याला 'सर्जाचं पुस्तक' म्हणतात. ते घेऊन मामा पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून माझ्या दुकानात आले. "भाच्या, अक्षरं लई बारकी हाईत. काच घाल. मजबूत घाल, आपलं पडायचं काम असतंय." चौथी शिकलेला माणूस, जन्मात पुस्तक वाचलेलं नाही. मी अडीच नंबरची काच बसवून दिली.

आणि मग गल्लीला रोज चार वाजता तमाशा बघायला मिळू लागला. मामा हात धुवायचे, भुवयांवरचा कापूस झटकायचे, कमरेला उपरणं कसायचे आणि कापसाच्या गाठोड्यावर बसून वाचायला लागायचे. मोठ्याने, ओळीवर बोट ठेवून. दिवसाला दोनच पानं. तिसरं नाही म्हणजे नाही. "खुराक बेतानं घ्यावा. एकदम हानला तर अंगी लागत न्हाय."

सर्जेरावने कुणाला धोबीपछाड मारला असं पुस्तकात आलं, की बोट थांबायचं. मामा मान वर करायचे. "माझ्यावर शिकला!" कुठल्या जत्रेत कुणाला ढाक लावली, "माझ्यावर शिकला!" कुठे एकलंगी भरून आस्मान दाखवलं, "माझ्यावर शिकला!" समोरचा चहावाला कान देऊन असायचा. मामांनी तोंड उघडायच्या आत तोच ओरडायला लागला, "कुनावर शिकला, मामा?" आणि मामा छाती ठोकायचे.

नुसतं सांगून भागत नव्हतं. डाव नीट कळावा म्हणून ते मला बोलवायचे आणि स्वतःला पाडायला लावायचे. "धर हितं. हां. आता पाय घाल. ओढ की बे!" मी ओढलं. मामा झकास पडले, आपलं आपण उठले आणि चहा प्यायला गेले. पाडणारा मी, आणि आठवडाभर कंबर धरली ती माझीच! बायको म्हणाली, चष्म्याच्या दुकानात कंबर धरायचं कारण काय? काय सांगणार, डोंबल?

तर एकदा मी सहज विचारलं, "मामा, एवढं वाचताय, तुमचं नाव कुठे आलं का?"

मामांनी पुस्तक मिटलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आलेला मी ऐकला. "यायचंय अजून. येनार की. नऊ वर्सं हुतो समोर."

"मग पुढची पानं चाळून बघा ना."

"छ्या! चाळून बघितल्यावर त्यात काय मजा? नाव आपल्या पायानं येऊ दे."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा म्हातारा कुस्त्या वाचत नाही, वाट बघतोय. सर्जाला आपली आठवण होती की नव्हती, एवढंच त्याला हवं होतं. ही गोष्ट गल्लीभर पसरली. चहावाला रोज विचारू लागला, "आलं का?" मामा म्हणायचे, "येतंय, येतंय. निघालंय."

मग मामा पुतणीच्या लग्नाला दोन दिवस मंद्रूपला गेले. दुकानात उंदीर फार, म्हणून पुस्तक माझ्याकडे ठेवून गेले. "पुढचं वाचू नगं. आनि वाचलास तर सांगू नगं."

मी वाचलं. वाचलं कसलं, नाव शोधत पानांवरून बोट पळवलं. वस्तादांचं नाव होतं. दूध घालणाऱ्या गवळ्याचं होतं. तालमीतल्या न्हाव्याचं होतं. खुराकाचं दूध देणाऱ्या चंद्री नावाच्या म्हशीला तर दीड पान दिलं होतं, फोटोसकट! दस्तगीर कुठेच नव्हता. मी शेवटपर्यंत दोनदा बघितलं. असा संताप आला म्हणता! अहो, म्हशीला दीड पान आणि नऊ वर्षं पाठ झिजवली त्याला एक ओळ नाही? मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत, पण मी दिल्या. मोजक्याच दिल्या.

मामा परत आले. आता शेवटची चौदा-पंधरा पानं राहिली होती, म्हणजे आठवडाभराचं काम. मला झोप लागेना. सांगावं तर जीभ उचलत नाही, गप्प बसावं तर आठ दिवसांत त्यांचं त्यांनाच कळणार. शेवटी धंदेवाल्याला सुचायचं ते सुचलं. "दांडी ढिली झालीय, मामा, द्या पिळून देतो," असं म्हणत चष्मा घेतला आणि अडीचची काच काढून एकची बसवली. वीस वर्षांच्या धंद्यात लोकांना दिसावं म्हणून काचा बसवल्या, दिसू नये म्हणून बसवलेली ही पहिलीच.

दुसऱ्या दिवशी मामांची हाक आली, "भाच्या, अक्षरावर माती पडल्यागत दिसतंय रं!"

"मोतीबिंदू असेल. थांबा थोडे दिवस," मी नजर चुकवून म्हटलं.

मामांनी ओळीवरचं बोट उचललं. पण चार वाजले की हात धुवून, उपरणं कसून, मिटलेलं पुस्तक मांडीवर घेऊन बसू लागले. चहावाल्यानेही विचारायचं सोडलं. ते बघवत नव्हतं हो. पाप आपण केलेलं आणि ते रोज चार वाजता समोर येऊन बसायचं.

पंधरा दिवसांनी मामा पुस्तक घेऊन माझ्याच दुकानात आले. स्टुलावर बसले. "तू वाच. आता सगळंच वाचून टाक."

झाली का पंचाईत! मी वाचायला लागलो. पान उलटतंय, शेवट जवळ येतोय, मामा डोळे मिटून ऐकताहेत. शेवटचं पान आलं आणि माझ्याने राहवलं नाही. मी नजर पुस्तकातच ठेवून मनाचं वाचलं, "माझ्या यशाचा खरा धनी म्हणजे माझा जिवलग सहकारी, मंद्रूपचा दस्तगीर पिंजारी. त्याचे उपकार मी जन्मोजन्मी विसरणार नाही."

मामांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता रडतील. ते हसले.

"हे सर्जा बोलला न्हाय."

"इथं लिहिलंय, मामा."

"सर्जा मला दस्तगीर कवाच म्हनला न्हाय. नऊ वर्सांत एकच शब्द बोलायचा. 'ऊट'. उपकारबिपकार त्याच्या तोंडात बसायचं न्हाय." मग पुस्तकाकडे बोट केलं. "आता लिवलंय त्ये वाच."

कान गरम झाले माझे. मी ते पान पुन्हा पहिल्यापासून धरलं आणि या खेपेला नाव न शोधता वाचलं.

"आता खाटेवर पाठ टेकली आहे. उभ्या आयुष्यात मला कुणी चीत केलं नाही, म्हणून पडल्यावर काय करायचं ते मला ठाऊकच नाही. तालमीत माझा एक जोडीदार होता. रोज पहाटे मी त्याला पाडायचो आणि तो अंग झटकून पुन्हा समोर उभा राहायचा. तेव्हा मला हसू यायचं. आता पडल्या पडल्या त्याचं उठणं आठवतं. कसा उठायचा, हे त्याला विचारायचं राहून गेलं."

पुस्तक तिथं संपत होतं.

मामांनी त्या पानावर तळहात ठेवला. मग म्हणाले, "हां. हे सर्जा बोलला."

मला मात्र अजून राग होता. "अहो, नाव घालायला काय झालं होतं? म्हशीचं आठवलं!"

"नाव कशाला? पाट माझीच की." त्यांनी चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकाने उगाच पुसत राहिले. "दवाखान्याच्या दारापातूर तीनदा गेल्तो मी. मोसंबी घिऊन. भाईर गाड्या लागलेल्या, मोटी मोटी मानसं. म्हनलं, एवढ्या मानसांत आपल्याला कशाला वळखंल त्यो? परत आलो." पुसणं थांबलं. "सगळं माझ्यावर शिकला रं. एवढं एकच शिकायचं ऱ्हायलं, आनि मी दारातनं माघारी आलो."

मी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं.

जाताना ते पायरीवर थांबले. "आनि उद्या माझी खरी काच घाल. तुला काय वाटलं, अडीचची न् एकची काच मला कळत न्हाय व्हय? मलाच पुढचं वाचायचं धाडस हुईना, म्हनून गप बसलो."

संध्याकाळी एक गिऱ्हाईक गादीला आलं. मामा सवयीने गादीकडे पाठ करून उभे राहिले, हात छातीशी घेतले आणि पडले. धप्प. मी माझ्या दारातून 'पाट बोलली' ऐकायची वाट बघत होतो. आवाजच येईना. गिऱ्हाईक घाबरून माझ्याकडे बघायला लागलं. मी पळत गेलो. मामा छताकडे बघत पडले होते, डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत चाललं होतं. मला बघून त्यांनी हात वर केला.

"दे रं हात, भाच्या."

मी दोन्ही हात दिले. वजन आहे हो म्हाताऱ्याला.