सातवा भाग आणि खोडरबर

शेजारच्या खाडिलकरकाकांनी मला पुस्तक वाचायला दिलं आणि मी ते पुसून परत केलं. ड्रॅगन, राजे, लढाया असलेल्या अवाढव्य मालिकेचा सातवा आणि शेवटचा भाग. लायब्ररीत त्याला रांग होती, म्हणून काकांनी स्वतःचा दिला. बघतो तर पानोपानी समासात पेन्सिलीची गिचमीड! काका सगळं जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणतात. हा आधीच्या मालकाचा उद्योग, असं ठरवून शनिवार-रविवार बसलो आणि चष्मा कपाळावर ठेवून नऊशे पानं लख्ख केली.

काका निवृत्त वॉटर इंजिनिअर. मँचेस्टरमध्ये तीस वर्षं पाइप टाकले, त्यामुळे कुठल्याही विषयावर त्यांचा पहिला प्रश्न, "पाण्याची सोय काय?" आम्ही तळ्यांनी भरलेल्या लेक डिस्ट्रिक्टला निघालो, तेव्हाही हेच विचारलं. ड्रॅगनने शहर जाळलं की इतर वाचक हळहळतात, काका चिडतात. "एवढा मोठा राजा, आणि साधी टाकी बांधत नाही!"

पुढच्या सोमवारी मी ऐटीत पुस्तक दिलं. काकांनी पानं उलटली. आणखी उलटली. मग जिन्याच्या पायरीवरच बसले.

"अरे, हे मुक्ताने लिहिलं होतं."

मुक्ता त्यांची मुलगी. केंब्रिजला संशोधन करते. फोनवर बापलेकीचं बोलणं 'जेवलीस?' 'हो.' 'थंडी?' 'आहे.' एवढ्यावर आटोपतं. पण ती हॉस्टेलला गेल्यापासून या मालिकेची दोघांत एकच प्रत. काका समासात शंका लिहून पोस्टाने पाठवणार, ती शेजारी उत्तरं लिहून परत धाडणार.

"इथे मी विचारलं होतं, वाळवंटात एवढ्या सैन्याला पाणी कोण देतंय?" काकांनी कोऱ्या समासावर बोट ठेवलं. "तिने लिहिलं, 'बाबा, सैन्याचं सोडा. तुम्ही नीट पाणी पिता का?'"

"काका, मी... खरंच सॉरी."

काकांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"आठवा भाग नाही रे येणार. आता तिला पाठवायचं काय, हाच घोर लागला होता." मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पहिलं पान उघडलं. "कळवतो तिला. शेजारच्या गाढवाने सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागणार."

गाढव म्हणताना ते चक्क हसत होते.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने खिडकीतून काकांच्या घराकडे पाहिलं.

"आधीचे सहा भागही मागून आण," ती म्हणाली. "खोडरबर मी देते."