आपल्याकडे न मिळणारी गाडी

आमचे साडभाऊ मधुकरराव रामटेके यांना जगातल्या सगळ्या मोटारसायकली आवडतात, फक्त आपल्या देशात मिळणाऱ्या सोडून.

रस्त्यानं कुणी नवीकोरी गाडी घेऊन गेला आणि आपण सहज म्हटलं, "छान आहे हो गाडी," की मधुकरराव मान तिरकी करून तिच्याकडे असे पाहतात, जसं सुनेच्या हातच्या पहिल्या भाजीकडे सासूनं पाहावं. मग म्हणतात, "ठीक आहे. पण हिची मोठी बहीण ब्राझीलमध्ये आहे, भाऊ. ती खरी गाडी. आपल्याकडे भेटत नाही."

"आपल्याकडे भेटत नाही" हे त्यांचं पालुपद. ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नसतं, उलट एक प्रकारचा अभिमान असतो. थायलंडमध्ये कोणती मिळते, इटलीत कोणती बंद झाली, व्हिएतनामात एकाच गाडीवर पाच माणसं आणि दोन डुकरं कशी बसतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतः मात्र जबलपूरहून निघून नागपूरच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत.

एकदा आमच्या पुतणीला पाहायला मुलगा आला तो मोटारसायकलवर. मधुकरराव दारातच उभे होते. मुलाला त्यांनी अंगणातच धरलं आणि त्याच गाडीला मलेशियात चाक कसं वेगळं लावतात हे समजावायला घेतलं. आत पोहे निवले, चहा दोनदा गरम झाला. शेवटी मुलाचे वडील बाहेर येऊन म्हणाले, "चलो बेटा, निघू." तेव्हा तो बिचारा म्हणाला, "पापा, मुलगी पाहायची राहिली ना."

लग्न जमलं. पण त्या जावयानं पुढच्याच वर्षी गाडी विकली. मन उडालं म्हणे.

आणि एवढं बोलणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी कोणती? एक जुनी मोपेड. रांझीला कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांनी नोकरी केली, ती याच मोपेडवर. पाळी सुटली की सायकलवाले त्यांना मागे टाकून जात आणि जाता जाता "रामटेकेजी, धक्का लगाऊँ?" असं विचारत. त्यांची बायको सुनंदा, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, म्हणायची, "भाऊजी, भेडाघाटला यांच्या मागे बसून जाण्यापेक्षा नर्मदेत ओंडका टाकावा आन् त्याच्यावर बसावं. लवकर पोचतो."

सुनंदा स्वतः कधी कुणाच्या मागे बसली नाही. राइट टाउनच्या, म्हणजे आमच्याच भागातल्या, एका शाळेत ती शिकवायची. रांझीहून रोज स्कूटीवर यायची, आणि संध्याकाळी परत जाताना आमच्याकडे अर्धा कप चहा घेतल्याशिवाय जायची नाही. गल्लीच्या तोंडाशी तिचा हॉर्न वाजला की माझी बायको कुंदा आधण ठेवायची. निवृत्त झाल्यावरही तिचं भटकणं थांबलं नाही. मग ती न्हाणीघरात घसरली. डावं कोपर मोडलं. हाड जुळलं, पण कुठलीशी नस दुखावली आणि बोटांतली पकड गेली. हात वर जायचा, हँडलवर ठेवता यायचा, पण मूठ आवळायची नाही. स्कूटीचा मागचा ब्रेक डाव्या मुठीत असतो. तिनं स्कूटी शेजारच्या मुलीला देऊन टाकली.

बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटी घ्या, असं कुणीतरी सुचवलं. "सर्कस उघडली का मी?" म्हणाली. मधुकररावांच्या मोपेडवर बसायला तयार नाही, ऑटोचं नाव काढलं तर, "पोहोचवून देतात ते. मला जायचं असते," असं म्हणायची. हळूहळू तिनं घराबाहेर पडणंच बंद केलं. गल्लीत हॉर्न वाजेना. कुंदा संध्याकाळी सवयीनं उठायची आणि परत बसायची.

अशा दिवसांत मधुकररावांना नवीन वेड लागलं. आतापर्यंत नुसतं बोलणं होतं. आता म्हणाले, "भाऊ, एक गाडी आणून राहिलो. जपानहून."

आमच्या जेवणाच्या टेबलावर हसण्याचा स्फोट झाला. जन्मभर ब्राझील आणि इटली ऐकवणाऱ्या माणसानं अखेर निवडली कोणती गाडी? तर टपाल वाटायची! तिकडचे पोस्टमन, दूधवाले, जेवणाचे डबे पोचवणारे लोक वापरतात ती. मागे लोखंडी कॅरियर, पुढे टोपली, रंग लाल.

"काहून हो, मधुकरराव," मी म्हणालो, "मनीऑर्डर वाटणार का?"

"हसा, भाऊ. पण ऐका तर खरं. एका हातात डबा आन् दुसऱ्या हातानं गाडी, अशी बनवली आहे ती. क्लच नाही. मागचा ब्रेक पायात. डावा हात रिकामा."

डावा हात रिकामा. हे ते सांगत राहिले आणि मी पोळी खात ऐकत राहिलो. सुनंदा तिकडे रांझीला घरातच बसून होती, आणि मला तिचा हात आठवलासुद्धा नाही. पुढं काय सांगू?

अशी गाडी कुणालाही उठून आणता येत नाही. तिचं मॉडेल इथं विकायला नसेल तर तपासण्या, परवानग्या, आणि गाडीच्या किमतीलाही लाजवील असा कर. पण मधुकररावांनी एक वाट शोधली होती. परदेशात राहून कायमचा परत येणारा माणूस घरच्या सामानासोबत स्वतःच्या नावावरची, स्वतः वापरलेली एक गाडी आणू शकतो. कर भरावा लागतोच, पण दार उघडतं. आणि जपानहून कायमचा परत येणारा असा एकच माणूस त्यांच्या ओळखीचा होता. माझा मुलगा सुमेध.

त्यांनी त्याला परस्पर फोन केला. "बेटा, तू तिथं कशावर फिरतोस?"

"सायकलवर, मौसाजी."

"छी. पोस्टमनची गाडी घे एक. पैसे मी देतो, नाव तुझं राहू दे. येताना घेऊन ये."

सुमेधनं घेतली. इंजिनिअर माणूस टपालाच्या लाल गाडीवर ऑफिसला जाऊ लागला. त्यानं फोटो पाठवला तेव्हा कुंदा खूप हसली. मी हसलो नाही. मला भीती वाटू लागली. पोरगा इतक्या वर्षांनी परत येतो आहे, हेच मला अजून खरं वाटत नव्हतं. त्यात बंदरावर कुणी अडवलं, कागदात काही निघालं, पोराचं नाव कुठं अडकलं, तर? तेही एका म्हाताऱ्याच्या हौसेपायी? मी जन्मभर कॉलेजच्या कार्यालयात कारकुनी केलेला माणूस. नियमाला वाट असते हे मला मान्यच नाही. मला नियमाला भिंतच दिसते.

म्हणून एका दुपारी मी रांझीला गेलो आणि मधुकररावांना सांगितलं, "नियम बदलला. आता गाडी आणता येत नाही. सुमेधला तिकडच्या लोकांनी सांगितलं."

धडधडीत खोटं होतं. मला वाटलं होतं ते वाद घालतील, चार देशांची उदाहरणं देतील. ते म्हणाले, "अच्छा." मग जरा थांबून, "चलो, ठीक आहे. पोराला म्हणा, त्रास घेऊ नको."

त्यानंतर हा माणूस गाड्यांबद्दल बोलेनासा झाला. एका लग्नात नवरदेव घोड्याऐवजी मोटारसायकलवर आला, तीही फुलं लावलेली. सगळी मंडळी मधुकररावांकडे पाहू लागली. ते म्हणाले, "छान आहे गाडी."  मी हातातली जिलेबी परत पानात ठेवली.

मग सुमेधचा फोन आला. "बाबा, सामान खोक्यांत बंद झालं. गाडीपण. मौसाजी म्हणून राहिले नियम बदलला. त्यांना कोण म्हणालं?"

"कुणीतरी म्हणालं असेल," मी म्हणालो.

"कोणताही नियम बदलला नाही. मी विचारलं सगळीकडे. आणि बाबा, मावशीला अजून सांगू नका. तिला माहीत नाही तिच्यासाठी आहे ते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कुंदाकडे पाहत बसलो. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "डावा हात रिकामा." तिला वाटलं माझ्या हाताला मुंग्या आल्या. ती तेल घेऊन आली.

खरं सांगायची ती वेळ होती. पण मी पुन्हा रांझीला गेलो आणि म्हणालो, "मधुकरराव, खुशखबर. नियम परत बदलला." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "वा! सरकारनं मेहेरबानी केली, भाऊ." आणि साखर आणायला आत गेले.

गाडी आली. मुंबईला उतरली, कर भरला, ट्रकमधून जबलपूरला आली. नोंदणीच्या वेळी तपासणारे साहेब खाली वाकून शोधू लागले.

"इसका क्लच कहाँ है?"

"नहीं है, साहब."

"टूट गया?"

"था ही नहीं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि गाडीवर एक चक्कर मारून ते परत आले. उतरले तेव्हा हसत होते. म्हणाले, "अपने यहाँ क्यों नहीं मिलती?" मधुकररावांच्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण असावा.

हॉर्नचं बटण तेवढं डावीकडे होतं. ते उजवीकडे घ्यायला रांझीच्याच गुड्डू मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीनं काम केलं, हात पुसले आणि विचारलं, "काकाजी, ये मँगाई काहे को?" मधुकररावांनी हलक्या आवाजात कारण सांगितलं. मिस्त्रीनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "अरे, तो पहले बोलते. यहीं की कोई स्कूटी ले आते, पीछे का ब्रेक मैं पैर में लगा देता. शाम तक हो जाता."

हा किस्सा मी या एका लग्नसराईत अनेक मांडवांत सांगितला आहे. तो मिस्त्रीच्या या वाक्याशी संपतो. लोक पोट धरून हसतात, मधुकररावही हसतात. पण त्या किश्श्यात माझं खोटं नसतं. सुनंदाचा हात नसतो. गाडी का आणली, हेच मी वगळत आलो, कारण ते सांगायचं तर मी मध्ये काय केलं तेही सांगावं लागलं असतं. लोकांच्या डोक्यात मधुकरराव एक येडपट म्हणून बसले, ते माझ्यामुळं.

गाडी दाराशी उभी केली तेव्हा सुनंदा बाहेर आली. "ही कोणाची?"

"सुमेधची," मधुकरराव म्हणाले. "पण त्याला वेळ नाही. उभी राहून खराब होऊन राहिली. तू जरा चालवत जा."

ती गाडीभोवती फिरली. डाव्या मुठीपाशी थांबली. तिथं काहीच नव्हतं, नुसती मूठ. तिनं आपला हात त्यावर ठेवला. ठेवता येत होता.  मग नाक ओढून म्हणाली, "रंग लालच भेटला का तुम्हाला?" आणि मैदानावर घेऊन गेली. पहिल्यांदा थोडी डगमगली. दुसऱ्या फेरीत हॉर्न वाजवला. समोर कुत्रंसुद्धा नव्हतं.

परवा रविवारी मी रांझीला गेलो. सुनंदा गाडी घेऊन पहिल्यांदाच एकटी लांब, ग्वारीघाटला मैत्रिणीकडे गेली होती. मधुकरराव व्हरांड्यात बसले होते. मी ठरवूनच गेलो होतो.

"मधुकरराव, नियम बदलला नव्हता. मी खोटं बोललो होतो. दोन्ही वेळा."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"भाऊ, तो नियम मी रोज वाचत होतो. पाठ झाला होता. तुम्ही सांगितलं त्या दिवशीपण सकाळी वाचला होता."

"मग बोलले काहून नाही?"

त्यांनी पायातली चप्पल काढून मांडी घातली. "पोरगा तुमचा आहे. बापाला भेव वाटलं तर मी काय म्हणू? आन् सुनंदाला तर मी काही सांगितलंच नव्हतं. म्हटलं, मोडली तर माझ्या एकट्याची आशा मोडंल."

 माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, आणि ते उतरल्याचं त्यांनाही दिसलं असावं. त्यांनी आपल्या बशीतली दोन बिस्किटं माझ्याकडे सरकवली.

आम्ही बसून राहिलो. ऊन मैदानावरून सरकत समोरच्या क्वार्टरच्या भिंतीवर चढलं. दुपारच्या चहाला येते म्हणून गेलेली सुनंदा आली नव्हती. मी रस्त्याकडे पाहू लागलो. मग न राहवून म्हणालो, "फोन करून पाहायचा का?"

"नको."

"उशीर झाला हो."

"होऊ द्या," मधुकरराव म्हणाले. कपातला चहा कधीच निवला होता, त्याचाच त्यांनी एक घोट घेतला. "तिला उशीर होऊन किती दिवस झाले, भाऊ."