केळुसकरकाकांचा घाट

आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये सकाळी केळुसकरकाका भेटले की नमस्कार-चमत्कार काही नाही. दारावरच्या आकड्यांकडे बघत ते एवढंच सांगतात, "घाट बंद आहे."

आम्ही राहतो सेम्बावांगला, म्हणजे सिंगापूरच्या उत्तर टोकाला. इथे बाराही महिने घाम येतो, आणि एमआरटी स्टेशनला जाताना रस्ता ओलांडायचा पूल लागतो, तेवढाच काय तो चढ. काकांचा घाट जपानात आहे, होक्काइदो नावाच्या बेटावर. तिथे रात्री जोराचा बर्फ पडला की घाटाच्या तोंडाशी आडवा दांडा टाकतात, बर्फ काढणाऱ्या गाड्या वर जातात, आणि रस्ता मोकळा झाला की दांडा उचलतात. रस्त्यावरचा एक कॅमेरा हे सगळं इंटरनेटवर दाखवत असतो. काका पहाटेपासून त्याच्यासमोर बसतात आणि आमची ऑफिसला जायची वेळ झाली की लिफ्टमध्ये येऊन बातमी देतात.

"रात्रीत कमरेएवढा पडलाय, कुलकर्णी. वरच्या वळणावर बर्फाची दरड आलीय. गाडीच्या चाकांना चेन लावल्याशिवाय निघू नका."

मी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन बँकेत हिशेब तपासायला निघालेला माणूस. चेन लावायची कशाला? पण वडीलधाऱ्या माणसाला काय बोलणार, म्हणून "बरं काका" म्हणतो. पंचाईत होते ती लिफ्टमधल्या इतरांमुळे. आमच्या वरच्या मजल्यावरची चिनी आंटी एकदा हे ऐकून घाबरली. तिचा मुलगा रोज खाडीवरच्या कॉजवेवरून पलीकडे मलेशियात कामाला जातो.

"कॉजवे क्लोज्ड, आह?" तिने विचारलं.

"नो कॉजवे. माउंटन रोड," काका म्हणाले.

"सिंगापूर व्हेअर गॉट माउंटन?"

हे तिने माझ्याकडे बघून विचारलं. दोघेही इंडियन म्हणजे एकाच घरातले असणार, असा तिचा समज. मी खाली मान घालून बुटांकडे बघत राहिलो. काकांच्या सहवासात मी स्वतःचे बूट इतके बघितलेत की त्यांना पॉलिश कधी लागणार ते मला न बघताही सांगता येईल.

काका मूळचे देवगडचे. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. काकू वारल्यापासून घरात एकटेच असतात. मुलगी एकच, शाल्मली. तिची चौकशी केली की उत्तर ठरलेलं. "टोकियोत असते. बँकेत. मोठ्या पोस्टवर." एवढं बोलून गाडी लगेच घाटाकडे वळायची. मुलगी जपानात म्हणून बापाला जपानी बर्फाचं वेड लागलं असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

वेड नुसतं कॅमेऱ्यापुरतं असतं तर कोणाची हरकत नव्हती. सिंगापूर सोडून चाललेल्या कुणाकडून तरी काकांनी बर्फावरून घसरायच्या फळ्या विकत घेतल्या आणि घराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये चपलांच्या स्टँडशेजारी उभ्या केल्या. या फळ्या साध्या नव्हेत, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या पोटाला एक केसाळ पट्टी चिकटवायची. केस एकाच दिशेला, त्यामुळे फळी पुढे सरकते, मागे घसरत नाही. तसं पावलापावलाने डोंगर चढायचा, वर जाऊन पट्टी सोलून काढायची, आणि जिथे कोणाचं पाऊल पडलेलं नाही अशा बर्फावरून खाली यायचं.

"डोंगरावर नेणारे पाळणे नाहीत, आखलेली वाट नाही," काका म्हणाले. "सगळं आपल्या जबाबदारीवर. इंजिन बंद पडलं तर किनारा लांब."

आणि एके दिवशी संध्याकाळी मी स्टेशनवरून घरी येतोय, तर ब्लॉकमागच्या गवताच्या उतारावर माणसं जमलेली. मध्ये काका. अंगात बनियन, खाली हाफपँट, पायात ते प्लास्टिकचे अवजड बूट आणि त्याखाली फळ्या. दुपारी पाऊस पडून गेला होता. ओल्या गवतावरून काका चर्र चर्र करत वर चढत होते, घामाने निथळत. आमच्या वसाहतीच्या ऑफिसातला एक तरुण अधिकारी समोर उभा होता.

"कुलकर्णी, बरे आलात," काका वरूनच ओरडले. "याला जरा समजावा."

त्या बिचाऱ्याकडे मनाई असलेल्या गोष्टींची यादी होती. फुटबॉल नाही, सायकल नाही, कबुतरांना खायला घालायचं नाही. फळ्यांबद्दल कोणी काही लिहून ठेवलं नव्हतं. त्याने दोनदा यादी चाळली आणि अतिशय नम्रपणे मला विचारलं, "सर, युअर फादर, इज इट?"

"नो, नो," मी म्हणालो. ते इतक्या घाईने म्हणालो की काकांनी चढता चढता थांबून माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली बसले आणि बुटांचे क्लिप काढू लागले.

घरी येऊन मी बायकोला, मेधाला, हे सांगत होतो. म्हटलं, त्या माणसाबरोबर दिसायचीसुद्धा लाज वाटते. आमची मुलगी ईशा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "काका इज ओके, लाह. यू आर द वन एम्बॅरसिंग."

पुलाउ उबीनच्या सहलीचं तर नाव काढू नये. आमच्या मराठी मंडळाची सहल होती. होडीने बेटावर जायचं, सायकली चालवायच्या, झाडाखाली डबे खायचे. काकांना बरोबर न्यायचा आग्रह मेधाचा, त्यामुळे जबाबदारी माझी. काकांनी खिशातून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र काढलं आणि तसंच दुसरं मंडळाच्या अध्यक्षांच्या, म्हणजे फाटकांच्या, हातात दिलं. बर्फात जाणारा प्रत्येक जण हे गळ्यात घालतो. माणूस दरडीखाली गाडला गेला की त्याचं यंत्र आवाज देत राहतं आणि वरच्यांनी आपल्या यंत्राने तो माग काढायचा.

"एक मी लपवतो," काका म्हणाले. "तुम्ही शोधा. स्टँडबाय."

जेवायची वेळ झालेली, पोटात कावळे ओरडताहेत, आणि अर्धं मंडळ फाटकांच्या हातातल्या टिकटिकीमागे पाचोळ्यातून फिरतंय. फाटक शोधत शोधत स्वतःच्याच पिशवीपाशी येऊन थांबले. काका आनंदले. "आता खोदायचं नाही. आधी टोचून बघायचं," असं म्हणत त्यांनी एक घडीची लांबलचक सळई झटकून उघडली आणि पिशवीत खुपसली. ती पुऱ्यांमधून आरपार जाऊन श्रीखंडाच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण फोडून आत गेली. बाहेर आली तेव्हा टोकाला केशर होतं. फाटक शाळेतल्या मुलाला रागवावं तसं माझ्यावर रागावले. मी पुन्हा बूट बघितले.

काका मात्र गंभीर होते. "फार वेळ लागला," ते परतीच्या होडीत मला म्हणाले. "एवढ्या वेळात माणूस जातो, कुलकर्णी."

या प्रकारानंतरही, किंवा रोजच्या बातम्या ऐकून ऐकून असेल, फाटकांनाच होक्काइदोला जायची हुक्की आली. डिसेंबरच्या सुटीत नवरा-बायको जाणार असं ठरलं. मला वाटलं, काका हरखतील. तर काकांचा चेहरा उतरला. "तिकडे कशाला? रस्ते बंद असतात. स्वित्झर्लंडला जा. तिथे सिनेमात दाखवतात तसं असतं." ज्या घाटाचं कौतुक आम्हाला उठता-बसता ऐकवलं, त्याचीच इतकी निंदा काकांनी केली की फाटकांचा निश्चय पक्का झाला.

संक्रांतीला आमच्याकडे तिळगुळासाठी सगळे जमले. फाटक दांपत्य नुकतंच परतलेलं, नाकाची टोकं उन्हाने सोललेली. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिळगुळाचा लाडू हातात धरून बसले होते. फाटक रंगात आले होते.

"घाटाखालच्या गावातच अडकलो. रस्ता बंद, हॉटेलची गाडी अर्धी गाडली गेलेली. दुसऱ्या दिवशी दांडा उचलला आणि आम्हाला डोंगरावर न्यायला गाइड आली. एवढीशी मुलगी, फाडफाड जपानी बोलतेय. ही माझ्या कानात म्हणाली, 'अहो, ही पोरगी आज आपल्याला मारणार.' तर ती वळून म्हणते, 'नाही मारणार काकू, पण आधी बूट नीट बांधा.'"

सगळे हसले. मीही हसलो.

"अस्सल मराठी! नाव विचारलं तर म्हणाली, शाल्मली," फाटक म्हणाले, "शाल्मली केळु..." आणि ते थांबले. आडनाव त्यांनी तिथेच ऐकलं होतं, पण काकांची बँकेतली शाल्मली ती हीच, हे आत्ता लक्षात आलं. "काका, तुमची शाल्मली टोकियोत ना? बँकेत?"

आमच्या मंडळात प्रत्येकाचं पोर बँकेत, नाहीतर बँकेच्या वाटेवर. सगळ्यांच्या नजरा काकांवर होत्या आणि कुणालाच त्या वळवता येत नव्हत्या.

"बँक सोडली तिने," काका लाडवाकडे बघत म्हणाले. "इथलीच. बरीच वर्षं झाली. म्हणाली, बाबा, मला डोंगरावर काम करायचंय. मी म्हणालो, लोकांना काय सांगू? मुलगी बर्फात घसरते म्हणून? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. ती त्या घाटावर निघून गेली. मग मी तुम्हाला टोकियो सांगितलं. तिच्या कानावर ते गेलं. त्यानंतर फोन नाही."

मला लाज वाटत होती, पण ती काकांची नव्हती. लोकांना काय सांगू, हे वाक्य या खोलीतल्या प्रत्येक घरात रोज बोललं जातं. माझ्या घरात तर मीच बोलतो.

काकांनी मान वर केली. "फाटक, तिची गाडी कुठल्या रंगाची आहे?"

"गाडी?"

"ती चालवते ती. घाटातून वर नेते ती."

फाटकांना आठवेना. फाटककाकू म्हणाल्या, "पिवळी. टपावर फळ्या बांधलेली."

"पिवळी," काका म्हणाले. "मी पांढरी धरून चाललो होतो. एक पांढरी गाडी रोज सकाळी वर जाते. ती वरच्या वळणावरून सुखरूप गेली की मी चहा घेतो. कोणाची होती कोण जाणे."

फाटककाकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "काका, ती आम्हाला रोज एकच विचारायची. सेम्बावांगला पाऊस आहे का? मी म्हटलं, अगं, आम्ही इथे तुझ्या बर्फात, आम्हाला कसं कळणार? तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची."

काका उठले. मेधाने दारापर्यंत जाऊन "काका, जेवून जा" म्हटलं, पण ते थांबले नाहीत. लाडू तसाच हातात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टचं दार उघडलं तर आत काका आणि वरची आंटी. मी आत शिरलो आणि सवयीने बुटांकडे बघायला लागलो. काका आज बातमी देईनात. शेवटी आंटीलाच राहवलं नाही.

"अंकल, टुडे माउंटन क्लोज्ड, आह?"

"ओपन," काका म्हणाले. "यलो कार वेंट अप."

"हूज कार?"

"माय डॉटर."

आंटीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "युअर डॉटर देअर? रोड ओपन ऑलरेडी, देन व्हाय यू स्टिल हिअर?"

दारावरच्या आकड्यांकडे बघत काका म्हणाले, "शेम."

"शेम फॉर व्हॉट?" आंटी म्हणाली. "ओन डॉटर, वॉट."

लिफ्ट खाली पोचली. आंटी बाजाराची ढकलगाडी ओढत निघून गेली. मी बाहेर पडलो आणि वळून पाहिलं तर काका आतच उभे.

"काका, येताय ना?"

"नाही, तुम्ही व्हा पुढे. सामान भरायचंय." त्यांनी आपल्या मजल्याचं बटण दाबलं. "परवापासून मोठा बर्फ सांगितलाय. दांडा पडायच्या आत वर पोचलं पाहिजे. आणि कुलकर्णी..."

दार मिटायला लागलं होतं. मी हात घालून ते अडवलं.

"मेधाला विचारा, तिळगूळ उरलाय का. असा रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

मी हात काढला नाही. लिफ्टमध्ये शिरलो आणि काकांबरोबर वर गेलो.