गोठ्यातला वर्ग आणि मलकापूरचे पाहुणे

निधी कसा मिळवावा हे अख्ख्या देऊळघाटात आपल्यालाच कळतं, याबद्दल शैलजाच्या मनात तीळभर शंका नव्हती. खेड्यातल्या वर्गांना खोल्या बांधून देणारी मलकापूरची ख्रिस्ती संस्था तिने इराला पाजता पाजता मोबाईलवर शोधून काढली आणि पोरीने ढेकर देईपर्यंत अर्जही धाडला.

तिचा वर्ग घरच्या गोठ्यात भरायचा. अर्ध्यात पोरं, अर्ध्यात म्हैस. पाढे सुरू झाले की पहिली म्हैसच रेकायची. पावसाळा लागला की उरलेल्या अर्ध्यात कडबा भरावा लागेल, मग म्हैस नाही, पोरंच बाहेर जातील, असं सासूबाईंनी बजावून ठेवलं होतं. म्हणजे खोली मिळाली तर वर्ग, नाहीतर आटोपलं.

संस्थेचे पास्टर साळवे स्वतः पाहायला येणार होते. शैलजाचा बेत सोपा होता: गोठा आहे तसा दाखवायचा. गीताबाईंनी सुनेचं सगळं शांतपणे ऐकलं आणि तिला इराच्या लसीसाठी दवाखान्यात पिटाळलं.

परत येऊन पाहते तर म्हैस गायब. खाली मंडपवाल्या गोपालचा लाल गालिचा, कोपऱ्यात भगवानरावांचा कूलर, सरपंचांच्या खुर्च्या, दाराशी रांगोळी. पोरं दिवाळीच्या कपड्यांत, नवरदेवासारखी अवघडून बसलेली.

"आई, हे काय केलं? त्यायले आपली अडचण दाखवाची होती."

"पाहुण्याले अडचण दाखवते काय कोनी? तुहे सासरे मले पाह्यले आले, तवा चांदीच्या पेल्यात पानी देल्लं होतं. पेला शेजारचा होता."

तेवढ्यात जीप आलीच.

"छान ठेवलंय हो ताई," साळवे गालिच्यावरून जपून चालत म्हणाले.

"सर, हे सगळं मागून आणलंय. इथे म्हैस बांधतो आम्ही."

"मोठेपना सांगाची सवयच नाही सुनेले," गीताबाईंनी लाडू पुढे केला.

इतक्यात भगवानराव घामाघूम होऊन आले. "झालं काय, वहिनी? घरी लय उकडून राह्यलं." आणि कूलर ढकलत घेऊन गेले.

साळवे गहिवरले. "गरजूंनाही देता तुम्ही?"

"सर, त्यांचे दोन ट्रॅक्टर आहेत."

"समोरच्याची लाज राखता, हे तर फारच मोठं." मग त्यांनी घसा खाकरला. "ताई, निधी थोडा, मागणारे पुष्कळ. उंद्रीत पोरं झाडाखाली बसतात. खोली तिकडे देतो. रागावणार नाही ना? यातल्या चार खुर्च्या मिळाल्या तर त्यांनाही..."

"चारच काऊन?" गीताबाई म्हणाल्या. "दहा न्या."

सरपंचांच्या दहा खुर्च्या जीपवर चढताना शैलजा इराच्या टाळूवर नाक टेकवून उभी राहिली. तिथे निदान पावडरीचा वास तरी होता.

आता खुर्च्यांची भरपाई म्हणून ती सरपंचांच्या नातवाला त्यांच्याच ओसरीवर फुकट शिकवते. त्याच्या मागून एकेक करत सगळी पोरं ओसरीवर येऊन बसली. सरपंच रोज विचारतात, "हे सगळे माहे नातू काय वो, बाई?" पण उठवत नाहीत.

उंद्रीची खोली मात्र बांधून झाली. उद्घाटनाला शैलजाला बोलावणं आलंय, मोठी देणगीदार म्हणून. आणि गीताबाई सकाळपासून गावभर विचारत फिरताहेत, रिकाम्या हातानं कसं जावं?