रखमाजींची जादा चौदा वर्षं

सोयाबीनचं पोतं रखमाजींच्या खांद्यापर्यंत आलं आणि तिथूनच परत खाली गेलं. बासष्टाव्या वर्षी असं पहिल्यांदाच झालं, आणि तेही नेमकं व्याह्यांसमोर.

"हार्मोन कमी झाला असंल. तपासून घ्या," व्याही म्हणाले.

हे रखमाजींना फार लागलं. दोनच दिवसांनी ते झुंबरबाईंना घेऊन टेंभुर्णीहून एसटीने जालन्याला गेले. एसटी त्यांना फुकट होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नसतं आणि आधार कार्डावर रखमाजी शहात्तरचे होते. गावातल्या शिबिरात त्यांनी चौदा वर्षं बिनदिक्कत वाढवून सांगितली होती. लॅबवाल्यानेही तेच कार्ड बघून वय लिहिलं.

रिपोर्ट घेऊन दोघं सबा मॅडमच्या दवाखान्यात गेले. तिथे वेळ वाचावा म्हणून तीन-तीन पेशंट एकदमच आत घेत. रखमाजींच्या शेजारी कंबर धरून बसला होता तो त्यांच्याच गाडीचा कंडक्टर, रामकिसन.

"शहात्तरला एवढा हार्मोन? वा, बाबा!" मॅडम खूश झाल्या. "वय वाढलं की तो थोडा थोडा उतरतोच. तुमचा तर छान टिकलाय. औषधाची गरजच नाही."

रखमाजींचा चेहरा पडला. "पण मॅडम, समजा बासष्टचा माणूस असला तर?"

"तर कमी म्हणावा लागेल. पण तुम्हाला काय त्याचं?"

"मॅडम, यांचं वय तसं..." झुंबरबाईंनी तोंड उघडलं.

"गप बैस! शहात्तर म्हंजी शहात्तर," रामकिसनकडे बघत रखमाजी म्हणाले.

परतीच्या गाडीला गर्दी होती. रखमाजी सीटवर टेकले न टेकले तोच रामकिसन एका काठीवाल्या म्हाताऱ्याला घेऊन आला.

"बाबा, उठा. या मामांना बसू द्या."

"अरे, पाय दुखून राह्यले माझे!"

"तुमचा रिपोर्ट मी सोता ऐकला ना! मामा पासष्टचेच हायत, पण बघा कसे झालेत. अन् तुम्ही शहात्तरला असे!"

सगळी गाडी कौतुकाने वळून बघू लागली. रखमाजींना उठावंच लागलं.

"अन् मामांचं हे पोतं बी जरा वर ठेवा की, बाबा. माझी कंबर गेलीय."

रखमाजींनी दात-ओठ खाऊन पोतं उचललं. ते खांद्यापर्यंत आलं आणि थांबलं.

झुंबरबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून हळूच पाकीट काढलं.

"अहो," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "काढू का तुमचं तिकीट?"