पुंजाजींची पाहणी

"फुकट?" पुंजाजींनी विचारलं. "म्हंजे शिकवाचं फुकट, कपडे फुकट, खानं फुकट?"

"हो बा," रामकिसन म्हणाला.

"मंग त्याइले काय भेटते?"

रामकिसन मान खाली घालून ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. पुंजाजींनी बायकोकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. पाह्यलं? मी म्हनत होतो ना?

इंझोरीत पुंजाजींइतका संशयी माणूस नव्हता. कारंज्याच्या बाजारात कापूस मोजताना सगळे शेतकरी काट्याकडे पाहत. पुंजाजी मोजणाऱ्याच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत. कोणी रस्त्यात थांबून 'बरं हाये ना?' म्हटलं, तर 'याले काहून पंचाईत?' हा प्रश्न त्यांना घरापर्यंत पुरत असे. अशा माणसाच्या एकुलत्या एका पोराला सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात एकदम दोन वाटा फुटल्या.

रामकिसन जूनपासून अमरावतीला कॉलेजात होता आणि तिथल्या एन.सी.सी.त फौजी शिक्षण घेत होता; आता सुटीत घरी आला होता. मधेच त्यानं खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीची परीक्षा दिली आणि सगळ्यांना धक्का देत तो निवडला गेला. आता एक तर कॉलेज सोडून जानेवारीत खडकवासल्याला जायचं. नाही तर कॉलेजातच राहून एन.सी.सी. पुरी करायची आणि बी.ए. झाल्यावर तिथून फौजेत अफसर व्हायला जायचं. महिना संपायच्या आत कळवायचं होतं.

पुंजाजींनी सल्ला विचारायला सुरुवात केली. म्हणजे सल्ला विचारायचा आणि देणाऱ्याचा हेतू शोधायचा.

कारंज्याच्या शाळेतले ताथोड मास्तर म्हणाले, "डोळे मिटून खडकवासल्याला पाठवा." डोळे मिटायला सांगणारा माणूस पुंजाजींना मुळातच आवडत नसे. चौकशी केली तेव्हा कळलं की मास्तरांचा भाचा रामकिसनच्याच वर्गात आहे. "आपला गेला का त्याचा पैला नंबर येईन," पुंजाजी म्हणाले.

कारंज्याचा अडत्या म्हणाला, "कॉलेजातच राहू द्या. पोरगा नजरेसमोर राहते." या अडत्याची पुतणी वाशीमला लग्नाची होती. पुंजाजींना कोणाची नजर हे लगेच समजलं.

पेन्शनीत निघालेले हवालदार अमरसिंग तर छातीवर हात ठेवून म्हणाले, "पुंजाजी, कॉलेजातली फौज म्हंजे नाटक हाये. लाकडाच्या बंदुका देते पोराइले."

"लाकडाच्या?"

"पुऱ्या लाकडाच्या. वरतून रंग."

पुंजाजी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. हवालदार खरं सांगत असेल तर कॉलेजवाले फसवत होते. खोटं सांगत असेल तर हवालदार फसवत होता. कोणीतरी फसवत होतं, एवढं नक्की.

"पोराले इचारा ना," मनकर्णाबाई सकाळी चुलीपाशी बसून म्हणाल्या.

पुंजाजींनी विचारलं.

"तुमी म्हनान तसं, बा," रामकिसन म्हणाला.

"पाह्यलं?" पोरगा बाहेर गेल्यावर पुंजाजी हळूच म्हणाले. "इतका गरीब काहून झाला हा?"

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या एन.सी.सी.चं शिबिर कारंज्याबाहेर, तलावापलीकडच्या माळावर पडलं. रामकिसन तिकडे गेला आणि पुंजाजींनी ठरवलं की आता कोणाच्या बोलण्यावर जायचं नाही. बैल घ्यायचा तर दात आपण पाहायचे. पण बाप म्हणून उघड गेलं, तर ते चांगलं तेवढंच दाखवतील. म्हणून त्यांनी शेजारच्या तांड्यातल्या सेवालालची लाल पगडी मागून घेतली. सेवालालचं शेत त्यांच्या शेताला लागून होतं आणि तो कधी 'कायले?' विचारत नसे. त्यामुळे पुंजाजींचा त्याच्यावर थोडा जास्तच संशय होता, पण पगडी चांगली होती.

"कापसाचा भाव पाहून येतो," असं घरात सांगून ते पहिल्या मोटारीनं कारंज्याला निघाले.

माळावर तंबूंच्या रांगा होत्या. चुना लावलेल्या दगडांनी हद्द आखलेली. पोरं कवायत करत होती आणि धूळ उडत होती. पुंजाजी एका बाभळीआडून बराच वेळ पाहत राहिले. सगळ्यांचे पाय एकदम उचलत होते, एकदम पडत होते. यात काही खोट सापडेना, म्हणून ते मागच्या अंगानं स्वयंपाकाच्या तंबूकडे गेले. आचाऱ्याला वाटलं, कोणी वाटसरू उपाशी आहे. त्यानं दोन पोळ्या हातावर ठेवल्या. पुंजाजींनी एक मोडून पाहिली. मधे कच्ची. पुरावा म्हणून त्यांनी दोन्ही धोतराच्या सोग्यात बांधल्या.

मग त्यांनी एका तंबूत डोकावलं. सगळी अंथरुणं सारखी घडी घालून ठेवलेली. ज्या रामकिसननं घरी जन्मात वाकळ उचलली नव्हती, तो इथं घड्या घालतो? नक्की कोणी गडी ठेवला असेल आणि त्याचा पगार कॉलेजच्या फीमधे लावला असेल.

तंबूपुढे बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्या होत्या. पहारेकरी पोरगा पाठमोरा होता. पुंजाजींनी इकडेतिकडे पाहिलं. नखानं खरवडून पाहिलं, पण दस्ता तर लाकडाचाच असतो. वजनावरून कळेल, म्हणून त्यांनी एक उचलली.

ती लाकडाची नव्हती. पुंजाजींनी ज्या जोरानं लाकूड उचलायचं ठरवलं होतं, त्या जोरानं लोखंड निम्म्यातच आलं, हातातून निसटलं, आणि बाकीच्या बंदुका एकीवर एक धडाधडा कोसळल्या. कवायत जागच्या जागी थांबली. पहारेकरी वळला आणि पुढच्या क्षणी पुंजाजींच्या दोन्ही दंडांना चार-चार हात लागले.

"लेकाचा हवालदार खोटं बोलला," धरून नेताना पुंजाजी म्हणत होते.

शिबिराचे प्रमुख पिंपळखुटे साहेब कॉलेजात इतिहास शिकवत. अंगावर वर्दी चढली की त्यांना आपण शिकवतो तोच इतिहास पुढे चालू आहे असं वाटे. त्यांनी पुंजाजींना पगडीपासून पायापर्यंत न्याहाळलं.

"रायफल का उचललीस?"

"लाकडाची हाये का पाह्याले."

"तुला काय करायचंय?"

पुंजाजींनी मनात हिशेब केला. बाप आहे म्हणून सांगावं, तर बंदूक उचलताना धरलेल्या माणसाच्या पोराला खडकवासला घेणार नाही आणि कॉलेजही ठेवणार नाही.

"नाव काय?"

"सेवालाल."

"या सोग्यात काय आहे?"

एका पोरानं गाठ सोडली. दोन पोळ्या टेबलावर पडल्या. साहेबांनी एक उलटून पाहिली.

"आमच्याच दिसतात."

"कच्ची हाये मधी," पुंजाजींच्या तोंडून गेलं.

साहेबांचे डोळे बारीक झाले. तंबूत डोकावतो, रसद तपासतो, हत्यारांना हात लावतो. "पुष्कळ हेर असे वेषांतर करून गेले इतिहासात," ते म्हणाले. "याला कारंज्याच्या ठाण्यात द्या."

आता खरं सांगितलेलं बरं, असं ठाण्याचं नाव ऐकून पुंजाजींनी ठरवलंही. तेवढ्यात साहेबच म्हणाले, "थांबा. या भागातला कोणी कॅडेट आहे ना? इंझोरीचा? बोलवा त्याला."

रामकिसन आला. टाचा जुळवून सलाम ठोकला. मग त्यानं कैद्याकडे पाहिलं आणि त्याचा ठोकलेला हात कपाळावरच राहिला.

"या माणसाला ओळखतोस?"

पुंजाजींना हायसं वाटलं. त्यांनी पोराकडे पाहिलं. त्याच वेळी तंबूचा पडदा वाऱ्यानं उडाला, माळावरची धूळ आत आली आणि पुंजाजींचा डावा डोळा मिटला.

रामकिसननं तो मिटलेला डोळा पाहिला. हात खाली घेतला.

"नाही साहेब."

पुंजाजींचा उजवा डोळा मोठा झाला. साऱ्या दुनियेवर संशय घेतला, पण पोटचं पोर असं निघेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. "पाह्य, नीट पाह्य!" ते ओरडले. डावा डोळा आणखी जोरानं फडफडला.

"नाही साहेब," रामकिसन आणखी जोरानं म्हणाला. "बिलकूल नाही."

कैद्याला ठाण्याकडे न्यायची तयारी झाली तेव्हा माळाच्या कडेला एक कापसाची गाडी येऊन थांबली. कापसावरून मनकर्णाबाई खाली उतरल्या. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या, ठेचा होता. नवऱ्यानं ठरवायच्या आत आपण पोराला एकटं गाठून विचारावं, म्हणून तो घराबाहेर पडताच त्या गुपचूप निघाल्या होत्या. पहारेकऱ्यानं त्यांना थेट तंबूत आणलं.

"अवो!" त्या दारातच थबकल्या. "तुमी कापसाचा भाव इथं पाहून राह्यले?"

"बाई, तुम्ही या सेवालालला ओळखता?" साहेबांनी विचारलं.

"सेवालाल? सेवालाल तं बैल सोडून राह्यला तिकडं."

मागून डोक्याला पंचा गुंडाळलेला सेवालाल आत आला. "मी सेवालाल, साहेब," तो म्हणाला. मग पुंजाजींच्या डोक्याकडे बोट करून म्हणाला, "तेवढी पगडी माही हाये."

साहेब खुर्चीत बसले. मग ही बाई कोण, हा कोण, तो कोण, असं सगळं निघालं. पुंजाजी रामकिसनचे बाप निघाले तेव्हा साहेबांनी आवाज खाली आणला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता.

"कॅडेट, तू तुझ्या अधिकाऱ्याशी खोटं बोललास."

"साहेब, बानं डोळा मारला."

"म्या?" पुंजाजी उसळले. "मी कायले डोळा मारीन? डोळ्यात माती गेली माह्या! मी तं वाट पाहून राह्यलो होतो, हा कधी बा म्हनते!"

मनकर्णाबाई पुढे झाल्या, नवऱ्याची मान धरून उजेडाकडे वळवली, पापणी उलटी केली आणि पदराचं टोक फिरवलं.

"हाये," त्या म्हणाल्या. "काडी हाये, साहेब."

पिंपळखुटे साहेबांनी पदराच्या टोकावरची ती काडी वाकून, नीट पाहिली. मग मान हलवली. पुंजाजी सुटले. पण रामकिसनला रायफल डोक्यावर धरून, थांब म्हणेपर्यंत मैदानाभोवती पळायची शिक्षा झाली.

"साहेब, माह्यासाठी खोटं बोलला तो," पुंजाजी म्हणाले. "मले पळवा."

"ज्याची चूक, तो पळतो," साहेब म्हणाले. "खडकवासल्याला काय, इथं काय, हेच आहे."

पुंजाजी चुन्याच्या दगडावर बसून पाहत राहिले. रायफल किती जड आहे हे त्यांच्या हातांना आता ठाऊक होतं. पोरगा पळत होता, घाम गाळत होता, आणि इतक्या फेऱ्यांत त्यानं बापाकडे एकदाही पाहिलं नाही. ते पाहून पुंजाजींना वाईट वाटलं, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं. घरात हा पोरगा भाकरीचा दुसरा तुकडा घ्यायच्या आधी बापाच्या तोंडाकडे पाहत असे. जे दिसेल तसं वागत असे. डोळ्यातल्या काडीसाठी खोटं बोलला तो.

शिक्षा संपली. रामकिसन धापा टाकत आला. मनकर्णाबाई भाकरी सोडू लागल्या, पण पुंजाजींनी त्यांना हातानं थांबवलं.

"तोंड तिकडं कर," ते पोराला म्हणाले.

"काय, बा?"

"तिकडं. तंबूकडं. माह्याकडं पाहू नोको. हं. आता सांग, कुठं जाच तुले?"

रामकिसन पाठमोरा उभा राहिला. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत वेळ गेला.

"खडकवासल्याले," तो तंबूंना म्हणाला.

"काहून?"

"मले जहाजावर जाच हाये, बा. तिथून जाता येते. इथून नाई."

"जहाजावर?"

"आरमारात."

पुंजाजींनी पाठमोऱ्या पोराच्या घामेजल्या सदऱ्याकडे पाहिलं. इंझोरीचा नाला संक्रांतीपर्यंत आटत असे. या पोरानं रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेल्या नद्यांहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं. हे त्याच्या पोटात केव्हापासून होतं, आणि एवढ्या सल्लागारांत कोणाच्या ध्यानात कसं आलं नाही?

"भाकर खाय," ते शेवटी म्हणाले. "इथल्या पोया कच्च्या राह्यते."

सेवालालचा कापूस विकून गाडी रिकामी झाली तेव्हा तिघे इंझोरीकडे निघाले. सेवालाल पुढे बसून बैल हाकत होता. मनकर्णाबाई नवऱ्याकडे वळल्या.

"मंग कोनतं ठरलं?"

"खडकवासला."

"अन् अमरावतीत काय खोट निंगाली? आता कोनावर संशेव आला तुमाले?"

पुंजाजींचा डावा डोळा अजून लाल होता. तो त्यांनी बोटानं चोळला.

"माह्यावर," ते म्हणाले. "अमरावती जवळ पडते. जवळ राह्यला तं मी पुन्ना जाईन पाह्यले. आज पगडी घातली, उद्या अजून काई घालीन. माहा काई भरोसा नाई."

"अन् जहाजावर?"

दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस पार क्षितिजापर्यंत पांढरा पसरला होता. पुंजाजी तिकडे पाहत राहिले.

"तिथं बरं हाये," ते म्हणाले. "समुद्रात आडून पाह्याले झाडच नसते."